किवुलेनीच्या सर्व्हरची किल्ली

दोह्यातल्या बिन महमूद वस्तीत कुणाचा लॅपटॉप उघडेना, कुणाचं वायफाय रुसलं, कुणाच्या पोराने प्रिंटरच्या तोंडात चपाती कोंबली, की माणसं आधी अश्फाक सोलकरला फोन लावतात आणि मग काय बिघडलंय ते बघतात. जुम्म्याची नमाज पढून बाहेर आल्यावर स्वतःच्या चपला सापडायच्या आत त्याला दोघं तरी गाठतात. ‘अश्फाकभाय, जरा बघा ना’ असं कुणी म्हणालं, की त्याचा चेहरा असा उजळतो की बक्षीस यालाच मिळालंय असं वाटावं. त्याची बायको मैमुना म्हणते, ह्यांना दुसऱ्याचं बिघडलेलं दिलं की ह्यांचं बरं चालतं. ती टोमणा म्हणून बोलते आणि अश्फाक ते कौतुक समजून खिशात घालतो.

माणूस मूळचा दाभोळच्या खाडीकाठचा. रत्नागिरीला डिप्लोमा करून वीस-बावीस वर्षांपूर्वी कतारला आला तो इमारतींमधून केबल ओढायला. मग बरी नोकरी लागली ती उत्तरेला, अल रुवैसच्या बंदरावर मासळी आणि बर्फाचा धंदा करणाऱ्या एका छोट्या पेढीत. पेढीचे सगळे व्यवहार एका विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये होते. एके सकाळी कॉम्प्युटरने नवा कोड मागितला, आणि ते सॉफ्टवेअर विकणारा माणूस तर कधीच दुकान गुंडाळून देश सोडून गेला होता. माल पेढीचा, कॉम्प्युटर पेढीचा, वीज पेढीची, आणि तरी आतलं एक अक्षर दिसेना. पेढीचा मालक आपल्याच ऑफिसात स्टुलावर बसून कपाळाला हात लावून पडद्याकडे बघत राहिला. अश्फाकला त्याची दया आली नाही, राग आला. आपल्या घराला दुसऱ्याचं कुलूप लावून माणूस निवांत झोपतो कसा, हा प्रश्न त्याच्या डोक्यात जो शिरला तो शिरलाच.

त्या रागातून तो लिनक्सकडे आणि मुक्त सॉफ्टवेअरकडे वळला. मुक्त म्हणजे ज्याच्या आतली सगळी रचना उघडी असते. कुणीही ती वाचावी, बदलावी, दुरुस्त करावी, शेजाऱ्याला द्यावी, कुणाची परवानगी लागत नाही. लोक त्याला ‘ते फुकटवालं’ म्हणाले की अश्फाक चिडतो. ‘फुकट तर इथे वाळूही मिळते,’ तो म्हणतो, ‘प्रश्न किल्ली कुणाच्या हातात आहे त्याचा आहे.’ रात्रीचे वर्ग करून, पडत झडत, तो हे सगळं शिकला, आणि आता अल गराफाच्या बाजूच्या एका कॉलेजात सर्व्हर सांभाळतो. तिथे त्याच्या शब्दाला मान आहे.

किल्लीबद्दल इतकं बोलणारा हा माणूस गावच्या घराच्या बाबतीत मात्र वेगळाच होता. खाडीवर त्याने घर बांधलं, धाकटा भाऊ रियाज बायकोमुलांसह तिथे राहतो, पण घर चालतं दोह्याहून. व्हरांड्याला रंग कुठला, नारळ कुणाकडून उतरवायचे, पाहुण्यांना कुठली खोली द्यायची, सगळं फोनवर विचारायचं. व्हिडिओ कॉलवर कॅमेरा फिरवून भिंतीचा पोपडा दाखवायचा आणि मग हुकूम यायचा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, आणि कतारमध्ये उंटांना काय तोटा. तसं हे आखातात गेलेल्या बहुतेक कोकणी घरांत असंच चालतं, थोरल्या भावाचा फोन येईपर्यंत खिळाही ठोकला जात नाही. त्यामुळे यात काही वावगं आहे असं अश्फाकच्या कधी मनातही आलं नाही.

चार वर्षांपूर्वी त्याच्या कॉलेजात नीमा म्सांगी आली. टांझानियाच्या दक्षिण किनाऱ्यावर किवुलेनी नावाच्या गावाबाहेर एक लहानसं विद्यापीठ आहे, तिथे ती कॉम्प्युटर शिकवते. वर्षभराच्या अभ्यासक्रमासाठी दोह्याला आलेली. उंच, शांत, आणि एकदा प्रश्न विचारला की उत्तर मिळेपर्यंत न हलणारी बाई. बाकीचे विद्यार्थी अश्फाकच्या खिडकीशी तक्रार घेऊन येत, ही पहिल्याच दिवशी म्हणाली, “हे सगळं तुम्ही कसं उभं केलंत ते मला बघायचंय.”

तिची कहाणी ऐकताना अश्फाकला तो स्टुलावरचा मालक आठवला. किवुलेनीत परदेशी मदतीच्या पैशातून एका कंपनीची यंत्रणा भाड्याने घेतली होती. धडे, गृहपाठ, परीक्षा, गुण, सगळं त्यात. प्राध्यापकांनी मेहनतीने स्वाहिलीत धडे लिहून त्यात भरले. मदतीची मुदत संपली, भाडं थकलं, आणि एक दिवस सगळं बंद. “धडे आम्ही लिहिले होते,” नीमा म्हणाली, “मुलं आमची होती. आणि आमच्याच धड्यांच्या दाराशी आम्ही भिकाऱ्यासारखे उभे होतो. मला तसं पुन्हा उभं राहायचं नाही.” हे सांगताना तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून ते अश्फाकला जास्त लागलं.

मग दुपारच्या सुट्टीत सर्व्हरच्या खोलीमागच्या छोट्या खोलीत दोघांची शिकवणी सुरू झाली. मुक्त सॉफ्टवेअरवर स्वतःचं असं शिक्षणाचं संकेतस्थळ कसं उभारायचं, ते सांभाळायचं कसं, पडलं तर उठवायचं कसं. अश्फाक मनापासून शिकवायचा, पण ती अडली की त्याला धीर निघत नसे. ‘सरक जरा, मी करतो,’ म्हणत तो कीबोर्ड ओढून घ्यायचा आणि क्षणात काम उरकायचा. नीमा त्याला काका म्हणायची, तिच्या स्वाहिलीत काका म्हणजे भाऊ. तिची एकच तक्रार असे, “काका, तुमचे हात फार जलद चालतात. मला दिसतच नाही काय केलंत ते.” अश्फाक हसायचा आणि करक, म्हणजे तिथला कडक दुधाळ चहा मागवायचा.

नीमा परत गेली ती कंबर कसूनच. विद्यापीठाच्या कौन्सिलसमोर ती तीनदा उभी राहिली. यंत्रणा आपली हवी, आपल्या माणसांनी चालवलेली हवी, हे तिने इतक्या वेळा सांगितलं की शेवटी लोकांनी कंटाळून हो म्हटलं. एका कार्यालयाने मोडीत काढलेली यंत्रं तिने गोळा केली, एका खोलीला जाळी आणि पंखा बसवला, आणि किवुलेनीचा स्वतःचा सर्व्हर सुरू झाला. पहिला धडा स्वाहिलीत चढला तेव्हा तिने अश्फाकला पडद्याचा फोटो पाठवला. त्याने तो बिन महमूदमधल्या निम्म्या वस्तीला दाखवला.

मदत करता यावी म्हणून नीमाने त्याला मुख्य पासवर्ड विश्वासाने दिला होता. तो हाताशी असला की सर्व्हरवर काहीही करता येतं. इथून पुढे जे झालं ते अश्फाकच्या स्वभावाप्रमाणेच झालं. तिकडून एक प्रश्न आला की तो उत्तर लिहीत बसत नसे, सरळ दोह्यातून आत शिरून काम करून टाकायचा. ‘झालं, बघ आता.’ किवुलेनीचे लोक खूश, हाही खूश. मग एकदा तिथल्या एका नवख्या मास्तराच्या हातून धड्यांचं एक अख्खं दालन पुसलं गेलं. अश्फाकने राखून ठेवलेल्या प्रतीवरून ते परत आणलं, आणि त्याच झपाट्यात मुख्य पासवर्ड बदलून टाकला. नवा पासवर्ड त्याने कुणालाच दिला नाही. जरा स्थिरस्थावर होऊ दे, मग देतो, असं ठरवलं होतं त्याने. नीमाने दोनदा मागितला. “तुला काय हवं ते सांग ना, मी आहे,” तो म्हणाला. वर्ष उलटलं, आणि देण्याचं त्याच्या डोक्यातूनच गेलं.

या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी अश्फाकच्या पोटात दुखायला लागलं. तो सोडा पिऊन कामावर गेला आणि दुपारी त्याला हॉस्पिटलात न्यावं लागलं. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. ऑपरेशन झालं, ताप चढला, मुक्काम वाढला. मैमुनाने पहिल्याच दिवशी त्याचा फोन बंद करून आपल्या पर्समध्ये टाकला. “जग चालतंय तुमच्याबिगर,” ती म्हणाली, आणि ते खरं नव्हतं हे दोघांनाही नंतर कळलं.

घरी आल्यावर फोन सुरू केला तर तो थरथरतच राहिला. वरचे निरोप रियाजचे होते. घरचा पंप बंद पडलाय, शेजारच्या विहिरीवरून कळशीने पाणी आणतोय, भाय फोन उचल. अश्फाकने कॉल लावला आणि पोटावरचे टाके विसरून ओरडला.

“अरे, गावातले पंप तू दुरुस्त करतोस. मशिदीचा पंप गेल्या महिन्यात तूच केलास ना?”

“केला ना. कालच खालच्या आळीतला बी केला.”

“मग आपला?”

“भाय, आपला घरचा पंप तुझा हाय. गेल्या साली मी तुना न इचारता वॉशर बदललेला, तवा तू किती दिवस माझ्याशी बोलला नाय, आठवतंय? मना वाटला, कळश्या वाहिलेल्या बऱ्या.”

अश्फाकला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. कारण फोनवर रियाजच्या निरोपांखाली किवुलेनीचे निरोप होते, आणि ते त्याने एकामागून एक वाचले. परीक्षेच्या आठवड्यात सर्व्हरची साठवण जागा भरली होती. जुन्या नोंदी पुसल्या की काम भागलं असतं, एवढंसंच. पण पुसायला मुख्य पासवर्ड हवा, आणि तो दोह्यातल्या हॉस्पिटलात ग्लानीत पडलेल्या माणसाच्या डोक्यात. परीक्षा उघडलीच नाही. लांबलांबून बसने आलेली मुलं दिवसभर व्हरांड्यात बसली आणि परत गेली. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, आणि मग परीक्षा रद्द केल्याची नोटीस लागली.

त्याने घाईघाईने नीमाला फोन लावला. “मी आत्ता करतो, पाच मिनिटांत...”

“काही करू नका,” नीमा म्हणाली.

त्याच्या आजारपणाचं तिला कॉलेजातून कळलं होतं; तिने आधी त्याची तब्येत विचारली, नीट विचारली. मग म्हणाली, “कौन्सिलची बैठक झाली. म्झे लिकुंगू म्हणून आमचे एक म्हातारे सदस्य आहेत. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. दोह्यातला एक माणूस आजारी पडला म्हणून किवुलेनीतली परीक्षा थांबते, तर हे आपलं कसं? काका, माझ्याकडे उत्तर नव्हतं.”

अश्फाकने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“कंपनीची यंत्रणा परत भाड्याने घ्यायचा ठराव त्यांनी मांडलाय. मी एक संधी मागून घेतली. रद्द झालेली परीक्षा आमच्याच सर्व्हरवर, आमच्याच माणसांनी, बाहेरच्या कुणाची मदत न घेता पार पाडायची. जमलं तर यंत्रणा राहील. नाही तर सगळं संपलं. मला पासवर्ड द्या, आणि परीक्षेच्या दिवशी तुम्ही आत येणार नाही असा शब्द द्या.”

अश्फाकने पासवर्ड दिला. शब्द देताना म्हणाला, “इन्शाल्ला.” आखातात इतकी वर्षं काढलेल्या माणसाचं इन्शाल्ला हो असतं, नाही असतं, आणि बघू असतंही. पासवर्ड नीमाने त्याच दिवशी बदलला, पण खरी गोष्ट अशी की सर्व्हरवर अश्फाकची आणखी एक किल्ली होती. त्याचा लॅपटॉप तो सर्व्हर ओळखायचा, पासवर्ड न विचारता आत घ्यायचा. ती त्याने काढली नाही. अडीनडीला असू दे, असं त्याने स्वतःला सांगितलं.

फोन ठेवल्यावर मात्र त्याला राग आला, अगदी मनस्वी राग. “मी काय माझ्यासाठी केलं?” तो मैमुनाला म्हणाला. “एक छदाम नाही घेतला. सुट्ट्या घातल्या. आणि आता म्हणे बाहेरचा माणूस.”

मैमुना बोंबील साफ करत होती. वर न बघताच म्हणाली, “रियाजला बी पंप येतो. तुमी येऊ देत नाय.”

ती एवढंच बोलली आणि नळ सोडला. अश्फाक बराच वेळ खुर्चीत बसून राहिला. त्याला पेढीच्या मालकाचं ते कपाळाला हात लावून बसणं नाही आठवलं, त्याला आठवला तो सॉफ्टवेअर विकून देश सोडून गेलेला माणूस. वाईट हेतू त्याचाही नसेल कदाचित. आपण त्याच्याहून वेगळे कसे, हे अश्फाकला काही केल्या सांगता येईना, आणि त्याची त्याला लाज वाटली.

मग परीक्षेपर्यंतचे दिवस त्याने निराळ्या रीतीने काढले. नीमा आणि तिचे दोन सहकारी प्रश्न पाठवत, आणि अश्फाक फक्त शब्दांत उत्तर देई. हे त्याला अजिबात येत नव्हतं. हाताने जे चुटकीसरशी व्हायचं ते सांगायला त्याला अर्धा तास लागायचा, आणि तरी तिकडून ‘समजलं नाही’ यायचं. मुलगी अनम, अकरावीतली, एकदा त्याच्या मागे उभी राहून वाचत होती. “अब्बा, दिस मेक्स नो सेन्स. यू स्किप्ड लाइक थ्री स्टेप्स.” त्याने पुन्हा लिहिलं. आपण काय काय गाळत होतो ते त्याला पहिल्यांदा दिसलं. व्हिडिओ कॉलवर नीमा चुकीचा आदेश लिहिताना दिसली की तो अक्षरशः हात मांडीखाली घालून बसायचा. ती चुकायची, सर्व्हर रुसायचा, तिला चूक सापडायची, आणि मग ती चूक पुन्हा होत नसे. मध्ये एकदा तिच्या हातून सगळंच बंद पडलं आणि ती संध्याकाळ तिने रडून काढली असावी, कारण दुसऱ्या दिवशी तिचे डोळे सुजलेले होते. पण सर्व्हर चालू होता, आणि तो तिने चालू केला होता.

परीक्षा शनिवारी होती. दोह्यात सुट्टी, आणि दोहा व किवुलेनीचं घड्याळ एकच. मैमुनाने घावन केले होते. अश्फाकने एक तोडला आणि ताट बाजूला सारलं. लॅपटॉप उघडून त्याने किवुलेनीचं संकेतस्थळ लावलं. ते तर कुणालाही बघता येतं, त्यात शब्द मोडण्यासारखं काही नव्हतं. सुरुवातीला पान झटकन उघडलं. परीक्षेची वेळ झाली तसं ते रेंगाळायला लागलं. मग नुसतंच गोल गोल फिरत राहिलं, आणि मग पांढरं झालं.

तो वाट बघत बसला. पुन्हा लावून बघितलं. पांढरंच. त्याच्या डोळ्यांसमोर त्या मुलांनी भरलेले हॉल आले, त्यांच्या पुढे उभी राहिलेली नीमा आली, आणि मागच्या भिंतीशी बसलेले म्झे लिकुंगू आले, ज्यांना त्याने कधी बघितलंही नव्हतं. त्याचा हात गेला आणि तो आत शिरला.

आत शिरताच त्याला कळलं काय झालंय ते. सगळ्या मुलांनी एकाच वेळी दार ठोठावलं होतं आणि सर्व्हर गुदमरला होता. उपाय दोन ओळींचा. त्याने त्या लिहून टाकल्या. आता एंटर दाबायचं बाकी. ते दाबलं असतं तर परीक्षा सुरू झाली असती, कौन्सिलने टाळ्या वाजवल्या असत्या, यंत्रणा राहिली असती. फक्त ती किवुलेनीची नसती, आणि हे त्याला आणि नीमाला दोघांनाच माहीत असतं. आणि पुढचं काय? पुन्हा केव्हातरी अपेंडिक्स नाही तर दुसरं काहीतरी. तो काही जन्माला पुरणार नव्हता.

मैमुना चहा घेऊन आली. त्याचा चेहरा बघून तिने कप खाली ठेवला. “चालला नाय वाटतं त्यांचा?”

“नाही.”

“मग तुमी काय करताव?”

लिहिलेल्या दोन ओळी अश्फाकने मागून एकेक अक्षर करत पुसल्या. त्यांच्या जागी दुसरा आदेश लिहिला. त्या आदेशाने त्याची किल्ली पुसली जाणार होती, सर्व्हरवरचं त्याचं नावही, आणि परत यायला वाट राहणार नव्हती. त्याने एंटर दाबलं. पडद्यावर जोडणी तुटल्याची एक ओळ उमटली. सवयीने त्याने पुन्हा आत जाऊन बघितलं, आणि ज्या सर्व्हरचा प्रत्येक खिळा त्याला पाठ होता, त्याने त्याला ओळखलं नाही.

“खलास,” तो म्हणाला आणि लॅपटॉप मिटला.

दुपार कशी गेली ते त्याचं त्याला ठाऊक. संकेतस्थळ बघायचं नाही असं त्याने ठरवलं आणि ते पाळलं. जेवणाला त्याने हात लावला नाही. खाली जाऊन उन्हात इमारतीला फेऱ्या मारल्या, एका बांगलादेशी दुकानदाराचं बिल छापायचं यंत्र उगाचच तपासलं, परत वर आला. त्याला भीती वाटत होती. आपण त्या बाईचा घात तर केला नाही ना, ही भीती. अनमने एकदा विचारलं, “अब्बा, आर यू ओके?” तो हो म्हणाला, आणि तिला ते पटलं नाही.

तिसऱ्या प्रहरी, असरची नमाज झाल्यावर नीमाचा फोन आला. मागे प्रचंड गलबला होता, पोरं ओरडत होती, तिला कुठल्यातरी कोपऱ्यात जाऊन बोलावं लागलं.

“परीक्षा झाली, काका.”

अश्फाकने विचारलं, “कशी?”

“सगळं गच्च अडकलं होतं. मग आम्ही हॉलच एकेक करून आत सोडले. मास्तर दारात उभे केले, पहिला हॉल आत गेला की हात वर करायचा, मग दुसऱ्याने सुरू करायचं. थोडा उशीर झाला. पण सगळ्यांनी पेपर दिला.”

त्याच्या दोन ओळींत हे नव्हतं. त्याने ते हॉल कधी पाहिलेच नव्हते. “मला हे सुचलं नसतं,” तो म्हणाला, आणि ते खरं होतं.

“शेवटी म्झे लिकुंगू माझ्याजवळ आले. म्हणाले, दोह्याच्या माणसाने केलं का? मी म्हटलं, नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पुष्कळ वेळ बघितलं. मग म्हणाले, मग ठराव मी मागे घेतो.”

मग नीमा हळू आवाजात म्हणाली, “तुम्ही आला होतात.”

त्याने डोळे मिटून घेतले. “आलो होतो.”

“आत कोण कोण आहे ते मला पडद्यावर दिसतं. तुमचं नाव आलं आणि मी काय केलं सांगू? मी कीबोर्डवरून हात उचलले. बाकीच्यांना म्हटलं, थांबा, काका आलेत. एवढे दिवस राबून, सगळ्यांपुढे छाती काढून बोलून, मी हात उचलून बसले. आम्ही सगळेच बसलो. मग तुमचं नाव गेलं. परत शोधलं तर कुठेच नव्हतं. तेव्हा कळलं की आता कुणी येणार नाही.”

“मग?”

“मग मला फार भीती वाटली. आणि मग आम्ही उठलो.”

फोन संपला तरी अश्फाक तो कानाशीच धरून होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला भान नव्हतं. इतकं हलकं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं, आणि त्या हलकेपणात थोडं दुखतही होतं, हे तो पुढे स्वतःच सांगतो.

मैमुना दाराशी येऊन उभी राहिली. “झाली परीक्षा?”

“झाली.”

“तुमी केलाव काय?”

“नाय,” अश्फाक म्हणाला, “त्यांनी केली.” आणि त्याने सकाळचं घावनाचं ताट जवळ ओढलं.